रुखसारचे यार्ड

आमच्या टीमच्या पोरी कुठी लग्नात, बसस्टँडवर, नाईतं कोनाच्या बारशात एकत्र आल्या का किस्से सुरू होतात. एकीनं एक काढला का दुसरीले दोन आठवतात. बाजूचे लोक हासून हासून पोट धरतात. त्याईले वाटते आमी गंमत सांगून राह्यलो. गंमत कायची! आमी राग काढून राह्यलो असतो. हासतो यासाठी का रडलं तं लोक उठून जातात.

मी अमरावतीच्या महिला अमेरिकन फुटबॉल टीमची गार्ड. हासू नका, अशी टीम हाय! या खेळात बॉल हातात घेऊन पळा लागते, अन् किती पळलं ते यार्डात मोजतात. पळनारीले रनिंग बॅक म्हनतात. तिच्या पुढं राहून, समोरच्या पोरीईले अंगानं ढकलून तिले रस्ता करून देनारी गार्ड, म्हनजे मी. टीममंदी माझं नाव रोलर. आमची रनिंग बॅक होती बडनेऱ्याची रुखसार. देशात एका सीझनमंदी सगळ्यात जास्त यार्ड पळाचा विक्रम आपल्या नावानं लागावा, एवढी एकच गोष्ट तिले पाह्यजे होती. पळाले ती कुठीच कमी नाई पडली.

*

रुखसार पहिले कबड्डी खेळे. भातकुली गावात एकदा ट्रायल होती. हे बाई चढाईले गेली. दोघीईले खांद्यावर घेतलं, तिसरीले फरफटत नेलं, अन् मागची लाइन ओलांडून थेट पान्याच्या टाकीपर्यंत गेली.

पंच बोंबलून राह्यले, "अगं, कुठं चाललीस? परत ये! परत आल्याशिवाय पॉइंट नाही!"

रुखसार टाकीपासून म्हनते, "परत काहून येऊ? इकडं जागा हाय ना!"

निवड समितीनं तिचं नाव काटलं. "मुलीला शिस्त नाही" म्हने! अरे, तिघीजनीईले घेऊन पळून राह्यली पोरगी, अन् तुमाले शिस्त दिसली?

आमचे बंडू सर तिथं दुसऱ्याच कामानं आलते. ते उठले, टाकीजवळ गेले न तिले म्हनाले, "माय, जिथं परत याचंच नसते असा एक खेळ हाय. येतं का?"

*

पहिल्याच सीझनले आमी अकोल्याच्या टीमले हरवलं. रुखसारनं एकटीनं ग्राउंड तुडवून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमी हावरटावानी पेपर उघडला. बातमी काय? "अमरावतीचा महिला फुटबॉल संघ विजयी. रुखसारला मात्र एकही गोल करता आला नाही."

माझं टाळकं सरकलं! तिले गाडीवर मांगं बसवलं न राजापेठेतून थेट पेपरच्या ऑफिसात. बातमी देनारा पोरगा मोठा सभ्य होता. त्यानं आमाले खुर्च्या देल्ल्या.

"ताई, फुटबॉलमध्ये गोल मोजतात."

"या फुटबॉलमंदी नाई मोजत."

"मग तुम्ही करता काय?"

"बॉल हातात घेतो न पळतो."

त्यानं पेन खाली ठेवला. लय गंभीर चेहरा करून म्हनते, "ताई, हा तर फाउल आहे."

अर्धा तास समजावलं. टेबलावरचा पेपरवेट घेऊन रुखसार त्याच्या ऑफिसात पळून दाखवून आली. तो मान हालवत होता. आमाले वाटलं समजलं याले. दुसऱ्या दिवशी खुलासा छापून आला: "चेंडू हातात घेतल्याची खेळाडूची कबुली!"

*

रुखसारचे अब्बा गाद्या भरतात, अम्मी रजया शिवते. अम्मी कधी मॅचले नव्हती आली. बडनेऱ्यालेच मॅच होती तं शेवटी आली. आमाले सगळ्याईले भेव, का पोरीले पडतानी पाह्यलं का हे बाई तिचा खेळ बंद करते.

झालं तसंच. रुखसार चार जनीईच्या खाली गेली. अम्मी खुर्चीवरून उठली न चप्पल हातात घेऊन सरळ ग्राउंडमंदी! बंडू सर आडवे गेले. "अम्मी, अम्मी, खेळ हाय हा, याच्यात पाडतातच!"

अम्मीनं सराकडं पाह्यलं बी नाई. माझ्यासमोर येऊन उभी राह्यली.

"तू सामने थी ना?"

"हाव अम्मी."

"तेरा काम क्या है? रस्ता करके देने का ना?"

"हाव."

"तो फिर मेरी बच्ची गिरी कैसे? इत्ता बडा अंग अल्ला ने तेरेकू काय के वास्ते दिया?"

पाच वर्सं खेळली मी. पेपरवाल्याईले, पाहुन्याईले, माझ्या सख्ख्या भावाले बी मी ग्राउंडवर काय करतो ते कधी समजलं नाई. अम्मीले एका मॅचमंदी समजलं. त्या दिवसापासून रुखसारच्या अंगाले कोनी हात लावला का मी पहिले प्रेक्षकाईत पाहो, अम्मी आली तं नाई!

*

आता जो किस्सा सांगतो त्यानं माझं अजूनबी रक्त उकळते.

आमच्या जिल्हा संघटनेचे एक अध्यक्ष होते. त्याईची पुतनी, परी. खेळाडू कोट्यातून नोकरी लागावी म्हनून तिले टीममंदी घुसवलेली. पोरगी तशी वाईट नव्हती. पळाची नाई एवढंच.

नागपूरच्या स्पर्धेसाठी अध्यक्षाईनं नव्या जर्स्या छापून आनल्या. पाठीवर नावं. सगळ्याईच्या आल्या, रुखसारची नाई. "छापणारा विसरला," म्हने. मंग म्हनतात, "परी तर खेळणार नाहीच. तिची जर्सी घाल की! कापडच आहे ते."

घातली तिनं. अन् स्पर्धाभर रुखसार पळे न माइकवरून आवाज ये, "परी! अमरावतीची परी! काय वेग आहे!" खरी परी गॉगल लावून सावलीत कचोरी खाऊन राह्यली होती. आपलं नाव आलं का दचके.

सगळे यार्ड परीच्या नावावर चढले. मी अध्यक्षाईले म्हटलं, "सर, हे दुरुस्त करा." ते म्हनतात, "अगं, यार्ड संघातच राहिले ना? बाहेर गेले का कुठं?"

राजापेठेत सत्कार झाला. परीले शाल, परीले नारळ. अन् शालीचं ताट धरून कोन उभं? रुखसार! अध्यक्षच म्हनाले, "तू उंच आहेस, तू धर." मी मांगं उभी राहून दात खाऊन राह्यली होती. मायबाप, ज्या पोरीनं ग्राउंडवर कातडं सोललं, तिच्या हातात ताट!

तेवढ्यात एका च्यानलवाल्यानं परीसमोर माइक धरला. "एवढं धावताना मनात काय भावना होत्या?"

परीनं लय इचार केला न म्हने, "गरमी लय होती!"

*

मी सध्या राजापेठेतच एका ट्युशन क्लासच्या काउंटरवर बसतो. भितीवर आमच्या टीमचा फोटो लावला हाय. मांगच्या आठवड्यात एक बाप आला. फोटो पाह्यला, माझ्याकडं पाह्यलं, अन् आवाज हळू करून म्हनते, "म्याडम, या खेळाचं सर्टिफिकेट नोकरीले चालते का?"

म्हटलं, "चालते. पोरीले ग्राउंडवर पाठवा."

"ग्राउंडवर काहून?"

"पळाले!"

तो म्हनते, "तिले उन्हाचा तरास होते. पळाल्याशिवाय नाई का काई जमत?"

मी त्याले परीच्या काकाचा पत्ता सांगनार होती. मंग पान्याचा ग्लास पिली न त्याले क्लासच्या फीचा कागद देल्ला.

*

पुढल्या सीझनले रुखसारनं पुन्हा सुरुवात केली, पहिल्या यार्डापासून. या वेळी जर्सीवर अम्मीनं सोताच्या हातानं नाव शिवलं होतं, रजईच्या दोऱ्यानं. उसवाची ताकद कोनाचीच नव्हती. जुना विक्रम पंजाबच्या एका पोरीच्या नावावर होता, अन् आमची बाई त्याच्या जवळ जाऊन राह्यली होती.

परतवाड्याले मॅच होती. अर्ध्या ग्राउंडवर क्रिकेटची पिच. तिच्या भोवताल दोरी बांधलेली, अन् आमची शेवटची लाइन दोरीच्या पलीकडं! मी रेफरीले इचारलं. तो म्हने, "दोरीला हात लागला की लाइन पार झाली असं धरू. मोजून घेतो मी."

रुखसार सुटली. कोनीच तिच्या जवळ नव्हतं. दोरीपाशी गेली, थांबली, हात लावला.

मॅच झाल्यावर दुसऱ्या टीमच्या म्यानेजरनं हरकत घेतली. रेफरी फिरला! "दोरीपर्यंतचंच धरता येईल. पुढचं मैदान ती कुठं धावली?"

"सर, तुमीच म्हनले ना, दोरीले हात लागला का लाइन पार म्हनून!"

"मी तोंडी म्हणालो होतो."

तोंडी! अरे भैताडा, तोंडानंच बोलतात ना मानसं! मी तिथं एवढी बोंबलली का बंडू सरानं मले वढत नेलं. रुखसारनं हेल्मेट पिशवीत टाकलं. बसमंदी खिडकीजवळ बसली. बस अमरावतीत शिरली तेव्हा म्हने, "रोलर, मले कोनी पाडलं नाई वं. मीच थांबली."

मले तिचा चेहरा पाहवेना. मी उगाच तिकिटं शोधत बसली.

*

अन् आता अकोला.

सीझनची शेवटची मॅच. विक्रमाले रुखसारची एक लांब धाव कमी होती. अकोल्याचं उन्हाळ्यातलं ऊन तुमाले सांगा लागत नाई. ग्राउंडच्या एका टोकाले पाहुन्याईसाठी मांडव टाकला होता. गुबगुबीत सोफे, टीपॉय, दोन कूलर. प्रमुख पाहुने म्हनून एक साहेब आलते. त्याईले माइकवरून बोलाची हौस. आमचे अध्यक्ष त्याईच्या बाजूले.

मांडव तसा शेवटच्या लाइनीच्या बराच मांगं होता. पन हवेसाठी मांगचा पडदा वर बांधला होता, अन् ऊन कलू लागलं तसं मांगून सोफ्यावर येऊ लागलं. सावली पुढं सरकली. मंग साहेब म्हने, "जरा पुढे घ्या." सोफे पुढं. ऊन पुन्हा आलं. "अजून थोडं घ्या." पुन्हा पुढं. कूलर पुढं, टीपॉय पुढं, काजूची प्लेट पुढं. अर्धी मॅच होता होता पाहुने लाइनीपाशी, अन् शेवटाले तं बरोब्बर लाइनीवर!

मी रेफरीकडं गेली. "सर, लाइनीवर सोफे हायेत. बॉल लाइनीच्या पार गेल्याशिवाय तुमी दोन्ही हात वर करत नाई, अन् हात वर केल्याशिवाय ते टच-डाउन होत नाई. आमी जावं कुठून?"

तो कानाशी येऊन म्हने, "अगं, प्रमुख पाहुण्यांना ऊठ कसं म्हणायचं? सोफ्याजवळ आली की थांब म्हणावं तिला. धरून घेऊ आपण."

रुखसार माझ्या मांगंच उभी होती. तिनं ऐकलं. हेल्मेटचा पट्टा आवळला न मले म्हने, "रोलर, समोर हो. अन् कुठीच थांबू नोको."

बॉल तिच्या हातात आला. लाइन गाठली का विक्रम तिचा! मी पहिलीले खांद्यानं उडवली, दुसरीले घेऊन पडतापडता सावरली. रस्ता मोकळा! पुढं मी, मांगं तिच्या बुटाचा आवाज. साहेब माइकवर, "मुली काय सुंदर धावताहेत! अरे, इकडेच येताहेत! अरे, अरे..."

खरं सांगतो, सोफ्यापाशी माझे पाय अडकले. समोर एवढा मोठा मानूस बसलेला. मी बाजूले झाली.

रुखसार नाई झाली. टीपॉय एकीकडं, काजू एकीकडं. अध्यक्ष उठले ते थेट जनरेटरपाशी दिसले. साहेबाले उठताच येईना, असे रुतले होते त्या सोफ्यात. रुखसार त्याईच्या समोर गुडघ्यावर घसरत थांबली. बॉल छातीशी, श्वास फुललेला, हेल्मेटच्या जाळीतून घाम टपकून राह्यला. रेफरी शिट्टी तोंडात धरून धावत आला, पन ती वाजवाची का नाई ते त्याले समजेना.

साहेबाच्या हातातला माइक चालूच होता. रुखसारचा आवाज पूर्ण ग्राउंडवर गेला.

"साहेब, पाय वर घ्या. लाइन तुमच्या पायाखाली हाय."

साहेबानं दोन्ही पाय वर घेतले. रुखसारनं बॉल सोफ्याखाली टेकवला. अन् रेफरीनं दोन्ही हात वर केले!