दोन गुंड्यांची लाल वीट

जगात जे काही बिघडलं आहे ते डब्याच्या झाकणावरचं चित्र नीट न बघितल्यामुळं बिघडलं आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे माडीवरचे भाऊजी. नात्यानं कुणी नव्हेत. लातूर वेगळा जिल्हा झाला तशी उस्मानाबादेतनं, नांदेडातनं कारकुनांची, ट्रंकांची आणि रडणाऱ्या लेकरांची एक वरातच शहरात येऊन उतरली. त्या वरातीत एका घराच्या खालच्या तीन खोल्या आम्हाला मिळाल्या आणि वरची एक भाऊजींना. ते मूळचे कंधारचे. बांधकाम खात्यात अनुरेखक, म्हणजे साहेबांनी काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवून तो पुन्हा गिरवायची नोकरी. बायको नायगावच्या शाळेत मास्तरीण, म्हणून ती तिकडं आणि हे इकडं. सामान आलं ते एक वळकटी, एक स्टोव्ह आणि एक भला मोठा पत्र्याचा डबा. डबा त्यांनी हमालाच्या हाती दिला नाही, स्वतः छातीशी धरून जिना चढले. आत दागिने असणार, असा माझा होरा. निघाल्या प्लास्टिकच्या विटा.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. पुढं ते कमी कमी होत गेलं. मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे आणि तेवढ्यानं भागत नसे म्हणून घरी येऊनही शिकवायचे. मूळची उदगीरची, पण 'न्हाई'चं 'नाही' करून घेतल्यापासून आपण फार लांबून आलो आहोत असा माझा समज होता. चष्मा लागला होता, तो मी लावत नव्हते. अशा बाईला चाळिशीतला पुरुष मांडी घालून लाल-पिवळ्या विटा जोडताना दिसला तर तिनं काय करावं? मी कीव करायला सुरुवात केली. कीव करायला काही लागत नाही, जिन्याखाली उभं राहून मान हलवली की झालं.

त्या विटा साध्या नव्हत्या. बोटाच्या पेराएवढ्या, परदेशी, वर गोल गुंड्या आणि खाली पोकळ. एकीवर एक दाबली की टक् करून अशी बसायची की जणू जन्मापासून तिथंच आहे. आखातात कामाला गेलेले लोक हैदराबादला परतले की त्यांच्या पोरांची मोडकी खेळणी तिथल्या जुन्या बाजारात येत. भाऊजी दोन महिन्यांतून एकदा रजेच्या अर्जात 'सबब घरगुती' असं लिहून उदगीरहून रेल्वे पकडत आणि पिशवीभर विटा घेऊन येत. मग त्या रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या, पंच्यावर वाळवायच्या आणि मापाप्रमाणं लावायच्या. एकूण किती, हे त्यांना झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगता यायचं.

एकदा त्यांनी मला नकाशा बघायचं भिंग दिलं आणि म्हणाले, "बघा वहिनी. दरेक गुंडीवर कंपनीचं नाव हाय." होतं खरं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. "आपण भांड्यावर नाव घालतो का न्हाई, तसंच हे. पण आपण काय करतो? घागरीवर नाव, सासऱ्याचं नाव, आडनाव, गाव अन् वर 'सप्रेम भेट'. दुरून बघितलं तर वाटतं घागरीला खरूज झाली. खूण कशी पाहिजे? दुरून दिसली पाहिजे, जवळून वाचता आली पाहिजे, अन् डोळे झाकले तर बोटाला कळली पाहिजे." हा त्यांचा कायदा. विडीचं बंडल, काडेपेटी, खताचं पोतं, कुणाचीच त्यातून सुटका नव्हती. नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीवर नवी पाटी लागली तेव्हा सगळा गाव ती बघायला गेला. भाऊजी तिथून तोंड पाडून आले. म्हणाले, "अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसून राहिली." एका चहाच्या कंपनीला त्यांनी पत्र टाकलं, की तुमच्या पुड्यावरचं पान उजवीकडं झुकलंय, त्यामुळं चहा सांडल्यासारखा वाटतो. महिन्यानं उत्तर आलं, फोडलेला माल परत घेतला जात नाही. ते पत्र त्यांनी जपून ठेवलं, कारण पत्राचा कागद चांगला होता.

विटांचा नवीन संच निघाला की त्याचं रंगीत पत्रक त्यांचा आखातातला एक मित्र पाठवायचा. ते आलं की घरात लग्न निघाल्यासारखी धांदल, नाहीतर सुतक. एकदा आठ दिवस सुतक चाललं. नव्या संचात विमान होतं आणि त्याचा पंख अख्खा एकाच तुकड्याचा होता.

"मग बरंच झालं की," मी म्हटलं, "जोडायचे कष्ट वाचले."

"ज्याचं एकच काम, ती वीट न्हाई वहिनी. वीट आज घर होती, उद्या पूल होती, परवा नुसतीच भिंत. हा पंख मरेपर्यंत पंखच राहणार. जन्मताना ठरवून टाकलं त्याचं. घोडा बी काढलाय. घोडा म्हणजे घोडाच. मग आपण काय करायचं, त्याला दाणा घालायचा?"

"भाऊजी, तुम्ही चाळीस वर्षांचे आहात."

"हाव. म्हणून तर समजून राहिलंय."

अशा माणसाच्या हाती आमच्या गल्लीचं पाणी गेलं, ते दुष्काळामुळं. पाऊस सलग दोन वर्षं रुसला, नळ खोकून खोकून गप्प झाले, आणि टँकर येईल तेव्हा येईल अशी अवस्था झाली. गल्लीच्या तोंडाशी एक कट्टा होता, तिथं पहाटेपासून घागरींची रांग लागायची. मग घागरी पुढं सरकवल्या जायच्या, बदलल्या जायच्या, दोन तर नाहीशाच झाल्या. बायकांची भांडणं इतकी रंगायची की टँकर निघून गेल्याचं कुणाला कळायचं नाही. भाऊजींनी तोडगा काढला. घागरी घरात ठेवा, रांगेत फक्त खूण ठेवा. एकोणीस घरं, एकोणीस खुणा. दरेक खूण तीन विटांची, रंग आणि ठेवण वेगळी. एक घर, एक खूण, एक घागर. टँकर आला की आपापल्या खुणेपाशी उभं राहायचं. ज्या बायकांना घागरीवरचं नाव वाचता येत नव्हतं, त्यांनाही आपली खूण वीस पावलांवरून ओळखू यायची. दुसऱ्या दिवशी भांडण झालं नाही. तिसऱ्या दिवशी काही जणींना चुकल्या-चुकल्यासारखं वाटायला लागलं.

आमची खूण खाली निळी, मध्ये पांढरी आणि टोकाला दोन गुंड्यांची लाल वीट. शेजारणीची मात्र पिवळ्यावर हिरवी, नक्षीदार. मी जाब विचारला. भाऊजी म्हणाले, "तुमची सगळ्यात सोपी ठेवली. तुम्ही चष्मा लावत न्हाई ना." मला राग आला तो आला. त्यात एक घागर पुरत नव्हती. घरात सासूबाई, हे, मी आणि दोन वर्षांची पिंकी. मग एका सकाळी नागरिकशास्त्राच्या या शिक्षिकेनं केसातला आकडा काढला, खुणेवरची लाल वीट उचकटली आणि रांगेत आमची खूण एकीकडं आणि ती एकटी लाल वीट शेवटाला ठेवून दिली. दुपारी शाळेतून आल्यावर टँकर आला आणि दोन घागरी भरल्या. भाऊजी कचेरीत होते आणि बाकीच्या आपापल्या घागरीत गुंतल्या होत्या. टँकर उशिरा आला होता, म्हणून टँकरवाल्यानं शेवटी उरलेलं पाणी सगळ्यांना हात सैल सोडून वाटलं. मी बादली, कळशी, पातेली, अगदी परातसुद्धा भरून घेतली.

घरी येऊन लाल वीट बघते तर नाही. खिडकीत ठेवली असं वाटत होतं. खिडकीखाली पिंकी बसलेली, तोंड हलतंय, आणि मी हाक मारल्याबरोबर तिला ठसका लागला. डोळे पांढरे केले तिनं. मी तिला उचललं, उलटं केलं, पाठीत थापट्या मारल्या. ती निळी पडली की माझ्या डोळ्यांपुढं निळं आलं, मला सांगता यायचं नाही. यांना रिक्षा बघायला पिटाळलं. सासूबाई आतून आल्या. "आगं, पोरीला उलटं धरून काय करायलीस? घागर हाय व्हय ती?"

"वीट गिळली हो तिनं."

भाऊजी तेव्हाच कचेरीतून आले. जिना चढायचा सोडून दारात थांबले. मी उरलेली खूण त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती हातात घेऊन फिरवली.

"वहिनी, ही सुटली कशी? लेकराच्या दातानं हे निघत न्हाई. माझ्या बी न्हाई निघणार."

पोर खांद्यावर कण्हत होती. खोटं बोलायला सवड नव्हती, नाहीतर मी बोलले असते. "मी काढली. आकड्यानं. दुसऱ्या घागरीसाठी."

"आकड्यानं? वरखडा पडला असंल." एवढंच म्हणाले. मग हळू आवाजात, साहेबाला माप विचारावं तसं, "पाणी भरताना कुठं होती?"

"कमरेला खोचली होती."

"वाकलाव ना भरताना?"

"वाकले. पण मी घागरीत बघितलंय भाऊजी. वर काही नाही."

"वर कशाला राहील? देशी असती तर तरंगली असती. ही बुडती. मालातला फरक हाच तर हाय." ते चूल-ओट्याकडं वळले. घागरीपाशी गेले आणि थांबले. घरातलं एकही भांडं रिकामं नव्हतं, ओतून बघायची सोय नव्हती. माझ्या एका हातावर पोर, दुसऱ्यात कोपरापर्यंत बांगड्या. त्यांनी मागं न बघता विचारलं, "घागरीत हात घालू का?"

इथं मला माझी ओळख करून द्यावी लागेल. भाऊजी बौद्ध. त्यांना आमच्याकडं चहा मिळायचा, रोज मिळायचा, पण त्यांचा कप वेगळा होता, कड उडालेला, खिडकीतल्या कोनाड्यात. कुणी विचारलंच तर मी आवाज खाली आणून सांगायचे, की काय करणार, सासूबाई जुन्या वळणाच्या. सासूबाईंनी त्या कपाबद्दल एक अक्षर कधी काढलं नव्हतं. कप मीच ठेवला होता. वर्गात समतेवर फळा भरून लिहिणारी मी, पोटच्या पोरीच्या घशात वीट अडकलीय असं समजत असताना, त्या प्रश्नावर गप्प राहिले. फार नाही. एक श्वास घ्यायला लागतो तेवढंच. पण तेवढी गप्प राहिले.

"इचारतोस काय रे बाबा," सासूबाई म्हणाल्या, "घाल की हात. पोरगी जायली आन् तू इचारत बसलास."

भाऊजींनी बाही कोपराच्या वर सारली आणि हात आत घातला, खांदा घागरीच्या काठाला लागेपर्यंत. डोळे मिटले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले, दुसरीकडं बघायला काही नव्हतंच. मग त्यांच्या कपाळावरची आठी निघून गेली.

"दोन गुंड्यांची," ते म्हणाले आणि हात वर आला. चिमटीत लाल वीट.

पिंकीनं तोच मुहूर्त साधून चावलेल्या फुटाण्यांचा लगदा माझ्या खांद्यावर काढला आणि भूक लागल्याचं रडू सुरू केलं. इतकं गोड रडू मी पुन्हा ऐकलं नाही. मी भिंतीला टेकून खाली बसले, हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. सासूबाईंनी त्याच घागरीत तांब्या बुडवला, घटाघटा प्यायल्या आणि उरलेला माझ्या हातात दिला. "पी. घसा कोरडा पडला आसंल." मी प्यायले. टँकरचंच पाणी ते, जरासं गंजाच्या चवीचं. हे रिक्षा घेऊन आले तेव्हा घरात चहा चालू होता. सासूबाईंनी हाताला आले ते कप भरले. कोनाड्यातल्या कपातला चहा रिक्षावाल्याला गेला की मला, आठवत नाही. मला, असं धरून चालू.

भाऊजींनी वीट धोतराच्या मऊ फडक्यानं पुसली, भिंग लावून बघितली. "वरखडा हाय," म्हणाले, आणि ती माझ्या तळहातावर ठेवली. "तुमच्याकडंच राहू द्या. पुन्हा दुसरी घागर लावावी वाटली तर आधी हिच्याकडं बघा." एक तुकडा कमी झाला तर ज्याला जेवण जात नाही, त्या माणसानं आपला संच त्या दिवशी आपण होऊन एका विटेनं कमी करून घेतला.

ती वीट मी शिवणाच्या डब्यात ठेवली. त्यांची बदली नांदेडला झाली, आम्ही लातुरातच घर बांधलं, पिंकीचं लग्न झालं, तिची पोर आता स्वतः असले संच मागते. मागच्या उन्हाळ्यात दारात रिक्षा थांबली. आतून तोच पत्र्याचा डबा छातीशी धरून भाऊजी उतरले. केस गेलेले, बाकी सगळं तसंच. नातीच्या नव्या संचाच्या खोक्याकडं त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "झाकण बरं हाय. आत किती पंख हायत, ते कोण सांगणार?" मग त्यांना तहान लागली. मी उठायला लागले तर माझ्या गुडघ्यांनी मला परत बसवलं. "आत जाऊन घ्या भाऊजी," मी म्हटलं. ते स्वयंपाकघरात गेले, आपल्या हातानं पेला घेतला, पाणी प्यायले आणि तिथूनच ओरडले, "वहिनी, ह्या फिल्टरची खूण बेकार हाय. अंधारात काय कळणार ही?"

डब्यात त्यांनी आमचं ते जुनं घर बांधून आणलं होतं, खालच्या तीन खोल्या, जिना, माडी. छपरावर एका ठिकाणी दोन गुंड्यांएवढी जागा मोकळी. "बाकी रंग बसत न्हाई तिथं," ते दुसरीकडं बघत म्हणाले.

मी शिवणाचा डबा मागवला. लाल वीट काढली, चष्मा लावला, वरखडा बघितला आणि ती छपरावर ठेवून अंगठ्यानं दाबली. टक्.

ते संध्याकाळच्या गाडीनं गेले, घर घेऊन. बरं वाटलं मला, फार बरं वाटलं. तरी अजून सुईत दोरा ओवायला डबा उघडला की बोटं आधी त्या कोपऱ्यात जातात, रिळांच्या मागं. तिथं आता दोन गुंड्यांएवढी जागा मोकळी आहे.