पळपुटे आणि अडकलेलं झाड

लाकूडतोड्यांच्या तुकडीतली माणसं त्या सर्वांत जुन्या गड्याला पळपुटे म्हणत. झाडाला इंजिनाची करवत लावण्याआधी ते बुंध्याच्या मागे, जरा तिरकी, एक वाट साफ करत. वेली कापायच्या, दगड उचलायचे, घसरडा पाला पायाने सारायचा. मग त्या वाटेवरून एकदा रिकाम्या हाताने चालून बघायचं आणि एकदा बंद करवत हातात घेऊन. झाड कलायला लागलं की याच वाटेने निघायचं, ते कसं पडतंय हे बघत उभं राहायचं नाही. तीस वर्षांत त्यांनी हे एकदाही चुकवलं नव्हतं.

"आधी पळायची सोय, मग काम," मुकादम चिडवत म्हणायचा. मुकादम म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ.

टोपणनावाचं त्यांना काही वाटत नसे. किळस यायची ती दुसऱ्या गोष्टीची. गोदामाच्या कोपऱ्यात एक पोतं होतं, त्यात बारा हेल्मेटं. पाहणीला साहेब येणार असला की पोतं उघडायचं, फोटो झाला की बंद. आतल्या पट्ट्यांना कुणाकुणाच्या घामाचा आंबूस वास. गेल्या वर्षी वरची वाळकी फांदी सुटली आणि खाली उभा असलेला लाकूडतोड्या जागीच मेला. मुकादमाने पोत्यातून एक हेल्मेट काढून त्याच्या डोक्यावर चढवलं आणि मग फोटो काढला. मान उचलून धरायला पळपुट्यांना सांगितलं होतं. त्यांनी धरली. हेल्मेट धुऊन परत पोत्यात गेलं. पुढे कित्येक दिवस ते जेवायच्या आधी दोनदा, तीनदा हात धूत. बायको म्हणायची, "अहो, कातडी निघेल." निघाली असती तर बरं, असं त्यांना वाटायचं.

यंदा वादळाने उतारावरची बरीच झाडं मोडली. एक वाळलेलं, उंच झाड मुळापासून अर्धं उखडून शेजारच्या झाडाच्या बेचक्यात अडकलं. खाली कामगारांची पायवाट. पळपुट्यांनी कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा ठोकला. आवाज पोकळ. सालीखाली बोट घातलं तर ओला भुसा, त्यात पांढऱ्या अळ्या. त्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर पावलांनी मोजलं, चारी बाजूंनी दोर बांधला आणि सांगितलं, "तारेने ओढणारं यंत्र येईपर्यंत आत कुणी जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दोर नव्हता. साहेबाच्या पाहणीसाठी मुकादम मांडव घालत होता. ताडपत्री त्याच दोराने ताणली होती.

"दाजी, यंत्र यायला दोन दिवस. साहेब उद्या येतोय. ज्या झाडाने ते धरलंय ते कापा, दोन्ही खाली येतील."

"कुठल्या बाजूला?"

"खाली म्हणजे खालीच ना!" मुकादम किल्लीने कान कोरत हसला. कोरून झाल्यावर त्याने किल्लीचं टोक निरखलं आणि ते सदऱ्याला पुसलं.

"धरणारं झाड ताणलेलं आहे. कापलं की ते कुठे उसळेल आणि वरचं कुठे येईल, कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. मी नाही कापणार."

"नका कापू. घरात दुसरा मर्द आहे की." मुकादमाने हाक मारली ती पळपुट्यांच्या जावयाला. लग्नाला वर्ष झालेलं, तुकडीत येऊन चार महिने. सगळे बघत होते. जावई पुढे झाला.

"जावईबापू, थांबा," पळपुटे म्हणाले.

"मामा, दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही लांब उभे राहा."

कुणीतरी खिदळलं, "ते कायमच लांब असतात!"

तुकडीत चालू स्थितीतली करवत एकच होती. ती शेजारच्या ओंडक्यावर ठेवलेली. जावई हातमोजे चढवत होता तेवढ्यात पळपुट्यांनी पान्याने करवतीचे दोन नट काढले, झाकण काढलं आणि दातेरी साखळी पात्यावरून उतरवली. मग आपला जेवणाचा डबा उघडून उरलेल्या भाजीत ती कोंबली आणि झाकण लावलं.

मुकादमाला आधी कळेचना. मग तो लाल झाला. "दाजी, साखळी द्या."

"डब्यात आहे. माझ्या उष्ट्यात. घाल हात."

मुकादम दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणीसुद्धा प्यायचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने जावयाकडे पाहिलं. जावई हललाच नाही, नुसता सासऱ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत आदर वगैरे काही नव्हतं.

"ताईच्या तोंडाकडे बघून गप्प बसतोय," मुकादम म्हणाला. "उद्यापासून तुम्ही कामावर येऊ नका."

"येणार नाही. पण यंत्र मागव. नाहीतर गेल्या वर्षी मान कुणी धरली होती आणि हेल्मेट कुणी चढवलं होतं, ते मी साहेबाला मांडवातच सांगेन."

मुकादमाने फोन लावला. दोन दिवस लागणारं यंत्र संध्याकाळच्या आत आलं. तार बांधून, लांब उभं राहून, झाड मागे ओढून घेतलं. ते धरणाऱ्या झाडापासून सुटलं आणि जिथे सगळे उभे राहून हसले होते बरोबर तिथे आडवं झालं. पोकळ बुंधा फुटून अळ्या वाटेवर सांडल्या. दुसऱ्या दिवशी साहेबाने मुकादमाची पाठ थोपटली. बारा हेल्मेटांचा फोटो झाला.

रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. जावई तोंड फिरवून बसला होता. "तुकडीत मला पळपुट्याचा जावई म्हणतात," तो भिंतीला म्हणाला. लेक नवऱ्याकडे आणि वडिलांकडे आळीपाळीने बघत राहिली.

मचमच आवाज करत जेवणाऱ्या, हनुवटीवर भाजीचा ओघळ आलेल्या त्या धडधाकट, फुरंगटलेल्या माणसाचा पळपुट्यांना मनापासून तिटकारा आला. याच्यासाठी तीस वर्षांचं काम गेलं.

जावयाने न बघताच ताट पुढे सरकवलं. पळपुट्यांनी भांडं ओढलं आणि त्याला वाढलं.