अंगठ्याच्या वरची ओळ

स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला की तलासरीजवळची आमची शाळा आठवते. रस्त्यासाठी जमीन हवी म्हणून सरकारी साहेबांनी तिथे सभा घेतली आणि एक इंग्रजी कागद अंगठ्यासाठी आईपुढे सरकवला.

नववीत होते मी. वाचून म्हणाले, "सभेला हजर होते, एवढंच लिहिलंय."

आई साहेबांना म्हणाली, "हजर होती म्हणजे कबूल होती, असं उद्या तुम्हीच सांगाल." मग अंगठ्याच्या वर तिने मला मराठीत लिहायला लावलं: 'आले होते. हो म्हटलेलं नाही.'

कागद खराब केला म्हणून साहेब चिडले. मला आईचीच लाज वाटली.

आता गावातल्यांचे असे कागद मीच वाचते आणि ती ओळ लिहिते. साहेब अजून चिडतात. चिडू देत.