वस्त्रगाळ पेट्रोल

आमच्या श्यामराव भावोजींइतका स्वच्छ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या स्वच्छतेनंच त्यांचा घात केला. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. पुढे बेहाला गावच्या एका गोदामातला अबोल पहारेकरी म्हणून ज्यांनी त्यांना पाहिलं, त्यांना सांगून खरं वाटणार नाही, की या माणसाच्या हातात एकेकाळी जादू होती.

भावोजी म्हणजे माझ्या वृंदाताईचे यजमान. फोर्ट विल्यम किल्ल्यातल्या लष्करी वर्कशॉपात मेकॅनिक होते. लढाई संपली, माणसं कमी केली, त्यात हेही घरी बसले. बराकपूरला घाटाजवळ दोन खोल्या होत्या, मीही त्यांच्याकडेच राहायची. देशी परत जावं, तर तिथे कोण वाट बघत होतं! मग लष्करी मोडीच्या लिलावातून यांनी होडीच्या मागे टांगायची एक जुनी मोटर उचलली. नदीपलीकडच्या ताग-गिरणीतले कारकून रोज अलीकडून जायचे. त्यांना नेण्या-आणण्याचं काम गिरणीच्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, महिनाभर परीक्षा म्हणून दिलं. कारकून बाबू वेळेवर पोचले तर काम कायमचं, नाहीतर रामराम. भावोजींपाशी दुसरं काही उरलंच नव्हतं.

सुरुवातीला झकास चाललं. मग एके सकाळी ऐन मध्यावर मोटर खोकली, धापा टाकल्या आणि गप्प. जरा थांबून दोरी ओढली तर पुन्हा सुरू! थोडं अंतर पळाली, की परत ढिम्म. पुढे मेलीनं रोजचाच धंदा मांडला. नावाडी बाजूनं जाताना बंगालीत विचारायचे, "दादा, वल्ही आणलीत ना?" मी मनातल्या मनात त्यांना आणि त्या मोटरीला, दोघांनाही शिव्या मोजायची.

भावोजींनी काय करायचं बाकी ठेवलं? प्लग बदलले. टाकीची तोटी सोडवली, नळी फुंकली. कार्बोरेटर उघडून पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं इवलंसं भोक ब्रशच्या केसानं साफ केलं. सगळं ठीक.

"पेट्रोल पोचत नाही गं, पुष्पा," ते म्हणायचे. "टाकी भरलेली आणि इंजिन उपाशी! डब्यांच्या गंजाची घाण जात असणार."

म्हणून ते पेट्रोल गाळायचे, ताईच्या जुन्या, मऊ सुती पातळाच्या तुकड्यातून. अगदी पहिल्या दिवसापासून. आपल्याकडे औषध असो की पीठ, वस्त्रगाळ केलं की शंका मिटते! मोटर अडायला लागल्यावर त्यांनी कापडाची दुहेरी घडी केली, मग चौपदरी. ताई बिचारी ते कापड रोज सोड्यात उकळून, घासघासून धुऊन द्यायची. मोटर मात्र जास्तच अडायची.

मग तो दिवस आला. भर ओहोटीत मोटर बंद पडली आणि बाबूंसकट होडी पार खाली वाहत गेली. गिरणीचं फाटक लागून गेलं होतं. बडेबाबूंनी भावोजींना आत बोलावलंसुद्धा नाही, फाटकावरूनच दुसरा माणूस बघितल्याचं कळवलं.

मला हे ठाऊक नव्हतं. दुपार कलली तरी जेवायला आले नाहीत म्हणून मी घाटावर गेले. भावोजी होडीत बसून कार्बोरेटर खोलत होते. एक पितळी स्क्रू जाम होऊन बसलेला, आजवर कधीच न निघालेला. तो त्यांनी त्या दिवशी काढला. आतल्या वळणातून सुईनं ओढलं, तर वातीसारखा ओला पांढरा बोळा बाहेर आला.

"धागे आहेत," ते म्हणाले. "पातळाचे. गाळता गाळता मीच भरत होतो." मग म्हणाले, "काम गेलं, पुष्पा."

"मग आता कशाला जोडताय? फेका ना नदीत!" मी ओरडले.

"हळू बोल. ताईला कापडाचं सांगू नकोस. जन्मभर स्वतःला खात बसेल."

त्यांनी सगळं निगुतीनं जोडलं. दोरी एकदाच ओढली. काय आवाज होता तो! एका सुरात, कुठे अडखळ नाही. घाटासमोर पाच फेऱ्या मारल्या तरी मेली थांबेना. घरात तो आवाज ऐकून ताई कणकेच्या हातांनीच धावत आली.

"चालली गं बाई, चालली!" तिला तर रडूच फुटलं. "आता बडेबाबू काय बोलतील? अहो, उद्या अर्धा तास आधी निघा हं!"

भावोजींनी होडी काठाला लावली आणि तिला हात दिला. "ये, बस."

इतक्या दिवसांत ताई त्या होडीत कधी बसली नव्हती. ती मला हात करत गेली. मध्यावर आवाज थांबला. मी कपाळावर हात मारला, म्हटलं झालं, पुन्हा पडली बंद! पण भावोजी दोरीला हात लावेनात. ताईकडे तोंड करून ते काहीतरी बोलत होते. तेव्हा मला कळलं, काम गेल्याचं तिला सांगायला मोटर त्यांनीच बंद केली होती.

ताईनं पदर तोंडाला लावला. होडी ओहोटीला लागली तरी दोघांपैकी कुणी वल्ह्याला हात घालेना. मी हाका मारत काठाकाठानं त्यांच्याबरोबर चालत राहिले.