प्रलयबाईंनी वगळलेला तुकडा

वर्णन: स्त्री. वय चौपन्न. उंची मध्यम, आवाज त्याहून खालचा. चष्मा आहे, तो डोळ्यांवर कमी आणि केसांत जास्त आढळतो. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीवर ब्लेडचा जुना व्रण. शिक्षण: आरेखक अभ्यासक्रम, प्रथम श्रेणी. व्यवसाय: जगे नष्ट करणे व त्याच जागी नवी जगे उत्पन्न करणे. नेमणूक: कंत्राटी. वर्तणूक: समाधानकारक. वैवाहिक स्थिती: चौकशी सुरू.

यातला व्यवसायाचा रकाना वाचून कोणी देव्हाऱ्याकडे पाहू नये. बाई एका कंप्युटर गेमच्या सर्व्हरवर कामाला होत्या. हा गेम ठोकळ्यांचा. तीनचारशे माणसे आपापल्या घरी बसून एकाच जगात शिरतात, दगडमाती खणतात, घरे बांधतात, दुसऱ्याच्या घराला नावे ठेवतात. तीन महिन्यांत त्या जगाची पार रया जाते: डोंगर पोखरलेले, झाडे बुंध्याविना अधांतरी लटकलेली, जिकडेतिकडे अर्धवट भिंती. मग एका बुधवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे लोक आपल्या खऱ्या कामावर असताना, सर्व्हर बंद करून ते जग पुसायचे आणि यंत्राला एक नवा आकडा द्यायचा. त्या आकड्यातून यंत्र नवे डोंगर, नव्या नद्या, नवे समुद्र उगवते. त्या आकड्याला सीड म्हणतात. बाई तो डोळे मिटून टाइप करत.

खेळणारे त्यांना प्रलयबाई म्हणत. तोंडावर नाही; पण बाईंना तोंड दाखवायची वेळच येत नसल्यामुळे या सभ्यतेला फारसा अर्थ नव्हता.

आधी पंचवीस वर्षे त्या एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात नकाशे काढत. ट्रेसिंग कागदावरची चुकलेली शाई ब्लेडने खरवडायची, कागदाला भोक न पाडता, यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. पुढे कागद गेला, शाई गेली आणि बाईही गेल्या. सर्व्हरच्या मालकाने त्यांना ठेवून घेतले ते याच गुणावर. "बांधणारे पायलीला पन्नास मिळतात हो," तो म्हणाला होता. "पुसणारं माणूस मिळत नाही. लोकांचा जीव अडकतो."

बाईंचा जीव अडकत नसे. त्यांची एक पद्धत होती. रिसेटच्या आदल्या दिवशी त्या जगभर एक फेरी मारत, हात मागे बांधून चालल्यासारख्या. नियम असा की पाहायचे, हात लावायचा नाही. फेरी झाली की वहीत एक ओळ: "पाहणी केली. पुसण्यास हरकत नाही."

दोन वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत त्यांना जिना दिसला.

साधा दगडी जिना. मोकळ्या माळावर जमिनीत उतरणारा, नऊ पायऱ्यांचा. खाली गेल्यावर समोर कोरी भिंत, बस्स. मात्र चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्ध्या ठोकळ्याने खाली होती. बाई उतरताना त्यांचा पाय, म्हणजे पडद्यावरचा पाय, तिथे अडखळला नाही. त्यांची बोटे आपोआप सावरून गेली.

कारण तो जिना त्यांच्या घरचा होता. नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधलेला. नवरा बांधकामावर मुकादम होता, मितभाषी, म्हणजे घरी. चौथी पायरी त्याने मुद्दाम खाली ठेवली होती. "घरचं माणूस असलं की पाय बरोबर पडतो," तो म्हणायचा. "परकं असलं की धप्प वाजतं. मला आतून कळतं कोण आलं ते." कोण आले, कोण गेले, किती वाजता, हातात काय होते, हे त्याला आतून कळत असे. बाई भाजी घेऊन दहा मिनिटे उशिरा आल्या तरी तो काही बोलत नसे. फक्त त्या चपला काढेपर्यंत त्यांच्याकडे पाहत राही.

आठ वर्षांपूर्वी एका दुपारी तो नळाचा वायसर आणायला म्हणून बाहेर पडला, तो परत आला नाही. नळ आठ दिवस गळत राहिला, मग शेजाऱ्याने बसवला. पोलिसांत तक्रार झाली, फोटो चिकटवून झाले. पुढे ते घरही पाडले गेले आणि जिन्याच्या जागी आता मोटारी उभ्या राहतात. बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायला गेल्या. तो जिना आता फक्त दोघांच्या डोक्यात असायला हवा होता, आणि त्यातला एक कुठे होता ते कोणाला माहीत नव्हते.

बाईंनी नोंदी तपासल्या. बांधणारा: पाहुणा ४१७. कधी कोणाशी बोललेला नाही. कुठून येतो ते पाहिले तर दर वेळी निराळा देश. असे मुखवटे हल्ली कोणीही लावतो.

त्यांनी जग पुसले, नवे उगवले. पहिल्याच दिवशी, तासाभरात, जिना परत हजर. त्याच जागी, नकाशावरच्या त्याच आकड्यांवर. नव्या जगात तिथे दलदल होती, तर दलदलीत भराव घालून. पुढच्या खेपेला डोंगराचा कडा होता, तर कडा फोडून. सहा जगे झाली आणि सहा जिने.

इकडे धाकटा दीर दर महिन्याला प्रतिज्ञापत्राचा मसुदा घेऊन येई. सात वर्षे उलटली की बेपत्ता माणसाला मृत घोषित करता येते, फक्त बायकोची सही लागते.

"वहिनी, किती दिवस लोंबकळत ठेवायचं? रेशनच्या कागदावर तो जिवंत, मतदारयादीत तो जिवंत. मागच्या निवडणुकीला त्याच्या नावाची चिठ्ठी आली घरी. मी काय सांगू, वायसर आणायला गेलाय म्हणून?"

"थांबा थोडं, भाऊजी."

"कशासाठी?"

हे सांगण्यासारखे नव्हते. बाईंनी ते फक्त धाकट्या बहिणीला सांगितले. बहीण स्वयंपाकघरात उभी होती, ती हातातला चमचा घेऊन तशीच खाली बसली.

"ताई, अगं, कोणीतरी चेष्टा करत असेल."

"पायरीचं कोणाला माहीत आहे?"

"मला माहीत आहे. दोनदा पडलेय मी तिथे." मग तिने विचारले, "तुला तो यायला हवाय का?"

बाईंनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला आणि परत केसांत ठेवला. "मला कळायला हवंय," त्या म्हणाल्या. "नसलेल्या माणसाला मारायला मी सही करेन. असलेल्याला कशी मारू?"

सातव्या जगात त्यांनी नियम मोडला आणि हात लावला. चौथ्या पायरीवर एक पाटी रोवली आणि तिच्यावर लिहिले: "कोण?" तोंड वरच्या बाजूला, उतरणाऱ्याला दिसेल असे.

दोन महिने काही झाले नाही. पाहुणा येई, जाई, पाटी तशीच. मग रिसेटच्या आदल्या दिवशीच्या फेरीत पाहिले तर पाटी होती तिथेच होती, अक्षरेही तीच होती. फक्त कोणीतरी ती उपटून उलटी रोवली होती. प्रश्न आता खालून वर येणाऱ्याला विचारलेला होता. खाली तर भिंत होती.

"प्रलय उद्या अकराला ना?" मालकाने विचारले.

"एक छोटा तुकडा ठेवला तर चालेल का?"

"बाई, एक वीटही नको. मागे कोणाचा तरी गोठा राहिला होता, तर लोक मला आठवडाभर विचारत होते, त्याचाच का, आमचा का नाही. सगळं जग बुडालं तर कोणी कुरकुरत नाही. एकाचं वाचलं की दंगा."

बाईंनी मान डोलावली आणि तुकडा ठेवायचे ठरवले. उत्तर येऊ घातले होते, असे त्यांना वाटत होते. आणि उत्तर अर्ध्यावर असताना प्रश्नच पुसून टाकणे हे चांगल्या आरेखकाचे लक्षण नव्हे.

या गेममध्ये जग एकसंध साठवलेले नसते. सोळा बाय सोळा ठोकळ्यांचे चौकोनी तुकडे असतात, प्रत्येकाला क्रमांक. पुसण्याच्या यादीतून एक क्रमांक वगळला की तेवढा तुकडा वाचतो. जिना जगाच्या मध्यापासून, म्हणजे शून्यापासून, उणे सदतीस ठोकळ्यांवर. सदतीसला सोळाने भागले तर दोन पूर्णांक आणि वर काहीतरी. बाईंनी वरचे काहीतरी सोडून दिले, आयुष्यभर सोडत आल्या होत्या, आणि वगळायच्या जागी लिहिले: उणे दोन.

शून्याच्या या बाजूला हे बरोबर ठरते. त्या बाजूला, उण्यात, सगळे एक घर पुढे सरकते. जिना उणे तीनमध्ये होता.

अकरा वाजून सहा मिनिटांनी नवे जग उगवले. खेळणाऱ्यांसाठी दरवाजे अजून बंद होते. आत फक्त बाई. पडद्यावरच्या यादीत एकच नाव.

त्या भागात या खेपेला समुद्र आला होता. सपाट, निळा, वाऱ्याचा आवाज देणारा. आणि त्याच्या मधोमध सुरीने कापल्यासारखा एक चौकोनी खांब उभा होता: वर जुन्या माळाचे गवत, एक झाड, चारही बाजूंना सरळ कापलेली माती आणि दगड, थेट तळापर्यंत. जिना नव्हता. बाईंना एका क्षणात कळले की काय चुकले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पंचवीस वर्षांत एका मिलिमीटरची चूक न केलेली बाई, आणि नेमका हाच जिना पुसला.

मग पडद्यावर त्या पाण्यातून पोहत खांबाला वळसा घालून जिन्याच्या बाजूला आल्या.

खांबाच्या त्या अंगाला, जिथे जिन्याखालची कोरी भिंत असायची तिथे, कापलेल्या मातीत एक खोली उघडी पडली होती. दार नसलेल्या कपाटासारखी. भिंत उणे तीनमध्ये होती, ती गेली. तिच्या मागचे उणे दोनमध्ये होते, ते राहिले.

समुद्र आत शिरत होता, तरी सगळे स्पष्ट दिसत होते. डावीकडे भिंतीला लागून खाट. पायथ्याशी घडीचे टेबल. खिडकी, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर दुसरी भिंत. खिडकीत तीन कुंड्या, दोन झाडे असलेल्या, एक नुसत्या मातीची.

ते जुने घर नव्हते. ती बाईंची खोली होती. चौथ्या मजल्यावरची. तो गेल्यानंतर तीन वर्षांनी भाड्याने घेतलेली.

बाई एकेक वस्तू हिशेबाने पाहू लागल्या, नकाशा तपासतात तशा. खाट बरोबर. टेबल बरोबर. कपाट दाराजवळ. इथे त्या थांबल्या. कपाट वर्षानुवर्षे खिडकीजवळ होते. खिडकीतून ओल येते म्हणून त्यांनी ते दाराजवळ सरकवले होते. गेल्या रविवारी. एकटीने, रेटत रेटत. त्यानंतर खोलीत कोणी आले नव्हते, बहीणसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र चुकीची होती. खाटेच्या शेजारी, खाटेकडे तोंड करून, एक खुर्ची होती. बाईंच्या खोलीत खुर्ची नाही.

आधीच्या सहा जगांत त्या भिंतीमागे काय होते, कपाट कुठे होते, खुर्ची खाटेपासून किती लांब होती, हे आता कळायला मार्ग नव्हता. ती जगे बाईंनी स्वतःच, हरकत नाही म्हणून, पुसली होती.

"झालं का बाई?" मालक दारातून डोकावला. "लोक बाहेर ताटकळलेत."

"पाच मिनिटं," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. "एक तुकडा राहून गेलाय."

"तरी मी म्हटलं होतं!"

त्यांनी उणे दोन पुसला. त्या जागी यंत्राने समुद्र भरला. पाणी एकदा हलले आणि सपाट झाले. वहीत त्यांनी लिहिले: "रिसेट पूर्ण. अवशेष: निरंक." मग दरवाजे उघडले. यादीत नावे पडू लागली, दहा, वीस, चाळीस. बाईंनी पडदा बंद केला, पर्स उचलली आणि जिना उतरताना प्रत्येक पायरी पायाने चाचपत खाली आल्या.

खोलीवर त्या गेल्या नाहीत. रस्त्यातूनच दिराला फोन लावला.

"भाऊजी, तो कागद आज आहे का तुमच्याजवळ?"

"म्हणजे? आज एकदम?" दीर गडबडला. "कळलं का काही?"

"हो."

"गेला ना? मी म्हणत नव्हतो?"

बाई पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसांकडे पाहत होत्या, एकेकाच्या चालीकडे. "सही कुठे करायची ते सांगा," त्या म्हणाल्या.

वकिलाच्या कचेरीत चार वाजता प्रतिज्ञापत्र झाले. "मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, वर नमूद इसम आठ वर्षांपासून बेपत्ता असून माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे तो हयात नाही, व याबाबत माझ्या मनात कोणताही किंतु नाही." बाईंनी तिन्ही प्रतींवर स्वच्छ, आरेखकाच्या अक्षरात सही केली. पत्त्याच्या रकान्यात बहिणीचा पत्ता लिहिला आणि तो कोणालाही कळू देऊ नये, असे वकिलाला दोनदा बजावले.