जॅझ गाणाऱ्या म्हशीसाठी अर्धा तास शांतता

आमच्या आईच्या निधनाची बातमी लालबागच्या आमच्या चाळीत पसरली, तेव्हा आई दाराआड पाटावर बसून लसूण सोलत होती. बातमी पसरवली मीच. माझा तसा काही हेतू नव्हता, हे मी आईला तेव्हापासून रोज सांगतो आहे.

या सगळ्याच्या मुळाशी आमची मिनू, माझी धाकटी बहीण. मिनू जॅझ गाते आणि कार्टूनमधल्या प्राण्यांचे आवाज काढते. आमच्या घराण्याचा संगीताशी याआधीचा संबंध म्हणजे काका भजनात झांजा वाजवायचे, आणि त्यांना मुद्दाम मागच्या रांगेत बसवायचे. मिनूचं पहिल्यापासून वेगळं. कुकरची शिट्टी झाली की ही तिच्या सुरात सूर मिळवायची. मांजरीशी अशी बोलायची की शेजाऱ्यांची मांजर वाद घालायला आमच्या घरात यायची. कॉलेजात कुणीतरी तिला जॅझ ऐकवलं आणि पोरगी हातची गेली (हे आईचं मत). त्या नादात तिने नोकरी सोडली, तेव्हा मी तिला मोठ्या भावाच्या नात्याने चार गोष्टी सुनावल्या. तिने त्या माझ्याच आवाजात मला परत ऐकवल्या. इतक्या हुबेहूब, की शेवटी मलाच मी पटलो नाही.

तिचा पहिला कार्यक्रम फोर्टातल्या एका क्लबात होता. मी आईला घेऊन गेलो. आई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या टेबलाशी बसली. मिनू छान गात होती, आणि मध्येच शब्द सोडून नुसतंच ‘शबा दिबा डुवा’ करायला लागली. आई माझ्या कानाशी आली.

“आवाज बरो आसा. पण चेडू शब्द इसारलां.”

“पोरीची पहिलीच वेळ आहे गं,” मी म्हणालो, आणि मिनूला धीर यावा म्हणून जोरजोरात टाळ्या वाजवल्या. अख्ख्या क्लबात मी एकटाच. मागाहून कळलं की शब्द सोडून नुसत्या आवाजाशी खेळणं हाच जॅझमधला सगळ्यात अवघड भाग, आणि तो चालू असताना टाळ्या वाजवून गाणारीला घाबरवायचं नसतं. तेव्हापासून मिनू मला कार्यक्रमाची तारीख कार्यक्रम झाल्यावर सांगते.

तर मूळ गोष्ट. इतकी वर्षं मिनूची पंचाईत अशी होती की जॅझवाले म्हणायचे ही कार्टूनवाली, आणि कार्टूनवाले म्हणायचे ही जॅझवाली. कधी खारीचा आवाज, कधी दाढ दुखणाऱ्या मगरीचा, आणि तोही दोन-चार वाक्यांपुरता. मग एका नव्या मालिकेची बातमी आली. नायिका म्हैस. तळ्यात डुंबते आणि जॅझ गाते! बोलणंही तिचंच, गाणंही तिचंच. जणू मिनूसाठीच कुणीतरी ही म्हैस जन्माला घातली होती. नमुन्याचं रेकॉर्डिंग बुधवारी बारा वाजायच्या आत पाठवायचं होतं, आणि बाहेर कुणाला काही सांगायचं नाही अशी कंपनीची सक्त ताकीद होती.

मिनूच्या प्रभादेवीच्या फ्लॅटशेजारी टॉवरचं काम चाललेलं, दिवसभर ड्रिलिंग. म्हणून बुधवारी सकाळी ती माइक घेऊन आमच्याकडे आली. शांतता शोधत लालबागच्या चाळीत येणारी ही पहिलीच बाई असावी.

“दादा, साडेअकरा ते बारा. बाहेर अजिबात आवाज नको. जमेल?”

“तू फक्त गा,” मी म्हणालो. “चाळ माझ्यावर सोड.”

फळीवरच्या झाडून सगळ्या गाद्या काढल्या, स्वयंपाकघरात उभ्या केल्या आणि वरून गोधड्या टाकल्या. मिनू आत शिरली. आई बाहेरच्या खोलीत दाराला पाठ लावून बसली. तिच्याकडून मी लसणाची शपथ घेतली, म्हणजे लसूण सोलायचा आणि तोंड उघडायचं नाही. आमच्या आईचा आवाज गॅलरीच्या या टोकाला निघाला की त्या टोकाची कबुतरं उडतात, त्यामुळे ही शपथ साधी नव्हती.

मग मी चाळीच्या मोहिमेवर निघालो. सांगणाऱ्याची लोकांवर छाप पडली पाहिजे म्हणून पांढरा स्वच्छ झब्बा-लेंगा घातला. चपलांचा आवाज नको म्हणून अनवाणी. प्रत्येक दारात जाऊन हात जोडले आणि हळू आवाजात म्हणालो, “जरा अर्धा तास शांतता ठेवा. कारण आत्ता विचारू नका.”

कुणीही विचारलं नाही. लोकांनी टीव्ही बंद केले. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या बोलण्याला चाळीत एवढी किंमत आहे हे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. मी भारावून गेलो, डोळ्यांत थोडं पाणीही आलं, आणि तिथेच माझं चुकलं.

तेवढ्यात मासेवाली वर आली. तिच्याशी रोज गॅलरीतून घासाघीस करणारी आई आज कुठेच दिसेना. मी तिला पुढे होऊन हातानेच खूण केली. आज नको.

आता हे जरा समजून घ्या. वार बुधवार. मालवणी घर. टोपलीत ताजी सुरमई. आणि दारावरून मासेवाली परत! आमच्या चाळीत याचा अर्थ एकच होतो. समोरच्या गावडेकाकूंनी ते पाहिलं आणि हातातली परात खाली ठेवली.

पाच मिनिटांत साटमभाऊ आले. चाळीत कुणीही गेलं तरी बांबूपासून फुलांपर्यंत सगळं साटमभाऊ बघतात. माणूस अत्यंत उत्साही. ते माझ्या कानाशी लागले.

“किती वाजता काढायचं ठरलंय?”

साटमभाऊंना रेकॉर्डिंगचं कसं कळलं, असं मला वाटलं. पण कळलंच आहे तर लपवायचं कशाला?

“बाराच्या आत पाठवायचं आहे,” मी कुजबुजलो.

“एवढ्या घाईत? गावाहून कुणी येणार नाही?”

“छे. गावाला कळवायचंच नाहीये.”

साटमभाऊ थोडे मागे सरकले. “आत सगळं नीट ठेवलंय ना?”

“हो तर. चारी बाजूंनी गाद्या लावल्यात.”

साटमभाऊंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला आजही आठवते. ते खाली गेले आणि माणसं घेऊन आले. बघता बघता गॅलरी भरली. बायका पदर डोळ्यांना लावून आल्या. गावडेकाकू तर पिठलं-भाताचं पातेलंच घेऊन आल्या, कारण अशा दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. आणि गावडेकाकू म्हणजे कोण? कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आईशी बोलणं टाकलेल्या. त्या आमच्या दाराला टेकून बसल्या. आतल्या बाजूला त्याच दाराला टेकून आई बसलेली.

मी आपला एकेकाला ओठांवर बोट ठेवून “शूऽऽ” करत होतो. एवढी गर्दी का झाली ते मला कळेना. मिनूचा चाहतावर्ग वाढतो आहे, एवढं मात्र वाटलं.

“माणूस लाखातलं होतं हो,” गावडेकाकू हळूच म्हणाल्या. “माझ्या मुलीच्या बाळंतपणात रात्ररात्र जागली. मी मेली दोरीवरून भांडत बसले.”

‘होतं’ हा शब्द कानावर पडला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पांढरे कपडे. अनवाणी. सुरमई. ओरडून सांगावं तर आत रेकॉर्डिंग, न सांगावं तर खाली बांबू आलेले. मी जोरजोरात नकारार्थी हात हलवले. “धक्का बसलाय त्याला,” कुणीतरी म्हणालं आणि मला धरून खाली बसवलं.

आतून मिनूचं गाणं झिरपायला लागलं होतं. आईची कमाल अशी, की स्वतःच्या मरणाची एवढी चर्चा ऐकूनही तिने तोंड उघडलं नाही. पोरीसाठी गिळून टाकलं सगळं. पण गावडेकाकूंनी डोळे पुसले आणि पुढचं वाक्य टाकलं.

“हाताला चवही होती. तिसऱ्यांच्या सुक्यात खोबऱ्याला तेवढा हात आखडायची.”

“मी जित्ती आसंय अजून!” दाराआडून गर्जना झाली. “आणि खोबऱ्याक हात आखडता कोण गेऽऽ?”

गावडेकाकू किंचाळल्या. साटमभाऊ दोन पायऱ्या खाली गेले. मी डोळे मिटले. गेली म्हैस, मी मनात म्हणालो. इतक्या वर्षांची पोरीची मेहनत मी एका झब्ब्यात बुडवली.

आणि तेव्हा ते झालं. आईचा ‘गेऽऽ’ जिथे संपला, बरोबर तिथूनच मिनूने सूर उचलला. गाद्यांच्या आतून, खोल, घोगरा, म्हशीचा. “कोण गेऽऽ, दिबा डुवा, कोण गेऽऽ?” आई कडाडली, “आणि तू कित्याक हंबरतंस?” मिनूने तेही घेतलं, फिरवलं, आणि तालावर परत टाकलं. आई बोलायची, मिनू गायची. आई भांडत होती की साथ करत होती ते सांगता येईना. दार उघडलं गेलं. जमलेली माणसं, पातेलं धरलेल्या गावडेकाकू, सगळे तसेच उभे राहून ऐकत होते. शोकसभेला आलेली मंडळी मान डोलवत होती. क्लबात मला न कळलेलं जॅझ त्या दिवशी मला आमच्या गॅलरीत कळलं. जे अंगावर येईल ते सुरात घ्यायचं. माझी बहीण केवढी मोठी कलावंत आहे, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं, आणि मी पुन्हा रडलो. या वेळी कुणी मला धरलं नाही.

दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग करायला वेळच नव्हता. मिनूने तेच पाठवलं. आई आणि गावडेकाकू एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून आईच्या सुतकाचं पिठलं-भात खाल्लं. मीठ कमी आहे, असं दिवंगत आईचं मत पडलं.

आठवड्याने कंपनीचा फोन आला. म्हैस मिनूलाच मिळाली. शिवाय ती मागून भांडणारी बाई कोण, म्हशीच्या सासूच्या कामाला येतील का, अशी विचारणा. आता आई गाडीत बसून स्टुडिओत जाते. मिनूच्या कार्यक्रमालाही ती गावडेकाकूंना घेऊन पहिल्या टेबलाशी असते, आणि त्यांना समजावते, “इसारूक नाय हा ता, मुद्दाम सोडल्यान.”

विचारणा माझ्याबद्दलही झाली. माझाही आवाज त्या रेकॉर्डिंगमध्ये आला होता, तो मालिकेत वापरू का? मी तात्काळ होकार दिला, ऑफिसात पेढे वाटले आणि त्या भागाच्या दिवशी अख्खी चाळ घरात टीव्हीपुढे बसवली. साटमभाऊंना खुर्ची दिली. पडद्यावर म्हैस टेम्पोत बसून गाणं म्हणत शहराकडे निघाली होती. मध्येच खिळा आला, टेम्पोचा टायर पंक्चर झाला आणि हवा गेली. “शूऽऽ.”

माझं काम तेवढंच. चाळ माझ्याकडे बघायला लागली. आई माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, “आवाज बरो आसा. आणि शब्द इसारूचो प्रश्नच नाय.”