काळजी करता की घेता?

आमच्या कचेरीत ताईंना सगळे ताईच म्हणतात, साहेबसुद्धा, आणि साहेब त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे आहेत. एकोणीस वर्षं ताई दारोदार फिरून लोकांना प्रश्न विचारत होत्या. आमचं कामच ते. बावीस देशांत एकाच वेळी तेच प्रश्न विचारायचे, उत्तरं आकड्यांत बसवायची आणि कुठले लोक कशाबद्दल काय मानतात, तिथलं सरकार त्यांच्यासाठी काय करतं, याचे तक्ते लावायचे. ताई आणतील ते कागद मी संगणकात भरायचे. आमची टेबलं समोरासमोर, मधे एकच पंखा, आणि तो जिच्याकडे वळेल तिचे कागद उडवायचा.

घरी ताई आणि त्यांची एक्याऐंशी वर्षांची आई, दोघीच. आई चालते-फिरते, पण गॅस चालू ठेवून विसरते आणि दार उघडं टाकून रस्त्यावर जाते. नगरपालिकेचं म्हाताऱ्यांसाठी दिवसभराचं केंद्र होतं. नऊ वाजता आईला तिथे सोडायचं, पाचला आणायचं. केंद्र होतं म्हणून ताईंची नोकरी होती, इतकं साधं गणित.

आता चौदाव्या प्रश्नाबद्दल सांगते, आणि सांगताना माझं डोकं फिरलं तर समजून घ्या. घरातल्या म्हाताऱ्यांसाठी माणसं आठवड्यात किती तास खपतात, एवढंच विचारायचं होतं. अनुवाद करणारे महाशय दुसऱ्याच कुठल्या शहरात बसतात, आम्ही त्यांचं तोंडही पाहिलेलं नाही. त्यांनी लिहिलं, ‘घरातील वृद्धांची आपण आठवड्यातून किती तास काळजी करता?’

ताईंनी पहिल्याच दिवशी कागद साहेबांपुढे धरला. “साहेब, इथे ‘घेता’ पाहिजे. काळजी काय, खुर्चीत बसूनही करता येते.”

“ताई, छापलेला शब्द बदलायचा नाही,” साहेब म्हणाले. “बावीस देशांची तुलना आहे. तुम्ही इथे एक शब्द हलवलात की तिकडे सगळा डोलारा कोसळतो.”

ताईंनी लेखी कळवलं. ते पत्र साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली दोन महिने सुखाने नांदलं.

नियमाप्रमाणे प्रश्न कुटुंबप्रमुखालाच विचारायचा. चपलांच्या दुकानाचे मालक म्हणाले, “वडिलांची काळजी? चोवीस तास हो. झोपेतसुद्धा.” वडील गेली सहा वर्षं त्यांच्या बहिणीकडे आहेत. एक निवृत्त मास्तर डोळे पुसत म्हणाले, “तास कसले मोजता, जीव तुटतो आमचा.” त्यांच्या मागे त्यांची सून सासूबाईंना खांद्याचा आधार देऊन न्हाणीघरात नेत होती. तिला विचारायला रकाना नव्हता. मी आपली भरत राहिले, एकशे अडुसष्ट, एकशे अडुसष्ट, एकशे पन्नास. आठवड्यात तास तरी एकशे अडुसष्टच असतात, नाहीतर लोकांनी त्याहून जास्त सांगितले असते.

तक्ता आला. आपला देश पहिला, सरासरी एकशे एकतीस तास. शेवटच्या नंबरावर थंडीतला एक देश, अकरा तास. तिथे सरकारी मदतनीस रोज सकाळी घरी येऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, हे शेजारच्याच रकान्यात होतं, पण ते वाचतो कोण? साहेबांनी तक्ता दारावर चिकटवला. वरच्या कचेरीने अहवाल छापला, आणि कहर म्हणजे त्यात कुणीतरी भाषा सुधारली. मथळा होता, ‘काळजी घेण्याचे तास’. प्रश्नात जो शब्द ताई घसा कोरडा करून मागत होत्या, तो अहवालात आयता आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्याच महिन्यात नगरपालिकेने ठरवलं की, जगात सर्वांत जास्त काळजी घेणारी कुटुंबं आपल्याकडे असताना केंद्रावर खर्च कशाला. केंद्र महिनाअखेर बंद.

ताईंनी रजा टाकली आणि त्याच घरांपैकी अकरा घरं पुन्हा केली, योग्य शब्द वापरून. मास्तर अडखळले, म्हणाले, “घेण्याचं म्हणाल तर ते सूनबाईंना विचारा.” चपलावाले म्हणाले, “बहिणीला विचारा,” आणि गिऱ्हाईक नसताना गिऱ्हाइकाकडे वळले. अकरा कुटुंबप्रमुखांची सरासरी तीन तास निघाली.

तो कागद साहेबांनी दोनदा वाचला. माणूस वाईट नाही, तेच तर दुखणं आहे. “ताई, तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “पुढच्या फेरीत दुरुस्ती घेऊ.”

“पुढची फेरी चार वर्षांनी आहे.”

“हो.”

“आई एक्याऐंशीची आहे, साहेब. केंद्र महिनाअखेरीस बंद होतंय.”

साहेबांनी तो कागद पेपरवेटखाली सरकवला. मी नगरपालिकेला पत्र लिहा म्हणून त्यांच्या मागे लागले, तर म्हणाले, “छापलेल्या अहवालावर आपण कसं बोलणार?” मी हात टेकले.

केंद्राला कुलूप लागलं त्याच दिवशी ताईंनी राजीनामा दिला. फॉर्मवर कारणांचे चार पर्याय होते, लग्न, स्थलांतर, आजारपण, घरगुती. ‘घरगुती’वर खूण मलाच करावी लागली, कारण कागद माझ्याच टेबलावर येतात. आमच्या सर्वेक्षणाच्या यादीत ‘घरगुती’चा अर्थ लिहिला आहे, ‘काम करत नाही’. पेन आपटून तोडलं मी. दुसरं पेन घेऊन सही केली.

परवा दुपारी ताईंकडे गेले. घर स्वच्छ, गॅसच्या बटणांवर आईला उघडता येऊ नयेत अशी झाकणं, दाराला वर नवी कडी. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, केस विंचरलेले, मांडीवर पर्स, पायात चपला.

“रोज नऊला तयार होऊन बसते,” ताई म्हणाल्या. “केंद्राची वेळ तेवढी विसरत नाही.”

आईने मला जवळ बोलावलं. “तुम्ही हिच्या कचेरीतल्या ना? हिला सांगा हो जरा. मी जाते की केंद्रात. ही अशी घरी बसली तर नोकरी जाईल हिची. मला दिवसभर हिचीच काळजी लागून राहते.”

ताई जमिनीवर बसल्या आणि आईच्या पायातल्या चपला काढू लागल्या.